विज्ञानाच्या तासाला धर्म का नको? डोव्हर गावचा खटला

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या सरकारी हायस्कुलात जानेवारी २००५ मध्ये नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचण्यात आलं. उत्क्रांतीचा धडा सुरू व्हायचा होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला साफ नकार दिल्यामुळे शाळा प्रशासनातले अधिकारी वर्गात आले आणि त्यांनीच ते वाचलं. डार्विनचा सिद्धांत हा नुसता सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नाही. त्यात पुरावा नसलेल्या फटी आहेत. सजीवांच्या उगमाबद्दल 'इंटेलिजंट डिझाइन' नावाचं वेगळं स्पष्टीकरणही आहे आणि ज्यांना रस असेल त्यांच्यासाठी त्यावरचं एक पुस्तक शाळेत ठेवलेलं आहे. एवढाच त्याचा मथितार्थ. वाचून झाल्यावर मुलांना सांगितलं गेलं की यावर चर्चा होणार नाही आणि तुमचे शिक्षक यावरच्या प्रश्नांना उत्तरं देणार नाहीत.

धर्माची शिकवण सरकारी शाळेत विज्ञान म्हणून शिकवावी का, या वादावर आजवर बरंच लिहिलं गेलंय. मला त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट ही शेवटची सूचना वाटते. विज्ञानाचा तास, आणि प्रश्न विचारायचा नाही!

आधी 'इंटेलिजंट डिझाइन' म्हणजे काय ते पाहू. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती नैसर्गिक प्रक्रियेतून घडणं शक्य नाही, तिच्यामागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, हा त्याचा दावा. हा रचनाकार कोण, हे मात्र त्यात कधीच सांगितलेलं नसतं. 'देव' हा शब्द अगदी कटाक्षाने टाळलेला असतो. तो का टाळतात, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

बायबलच्या पहिल्या प्रकरणात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केल्याची कथा आहे. ती शब्दशः खरी मानणाऱ्या ख्रिस्ती गटांना डार्विन पहिल्यापासून खुपत होता. १९२५ साली टेनेसी राज्याने सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवणं हा गुन्हाच ठरवला. डेटन गावातले शिक्षक जॉन स्कोप्स यांना त्यासाठी १०० डॉलर दंड झाला. पुढे तांत्रिक कारणाने तो रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत टिकला. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सामधली अशीच बंदी उडवून लावली. आधार होता घटनेची पहिली दुरुस्ती: सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करता येणार नाही. आणि सरकारी शाळा म्हणजे सरकारच.

बंदी घालता येईना, तेव्हा मग 'दोन्ही शिकवा'ची मागणी पुढे आली. उत्क्रांतीला जेवढा वेळ, तेवढाच 'निर्मिती-विज्ञाना'ला, म्हणजे देवाने सृष्टी निर्माण केल्याची कथा विज्ञान म्हणून मांडण्याला. १९८७ मध्ये लुईझियानाचा असा कायदा सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. नुसतं 'विज्ञान' असं नाव लावल्याने धर्म विज्ञान होत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. ही तारीख लक्षात असू द्या, पुढे ती कामाला येणार आहे.

आता पुन्हा डोव्हरला येऊ. आपल्याकडे पुस्तक बालभारती काढते आणि गावातली शाळा समिती फार तर छप्पर गळतंय, मुतारीला पाणी नाही, यावर बोलते. अमेरिकेत तसं नाही. तिथे गावकऱ्यांनी निवडून दिलेलं स्कूल बोर्ड कोणतं पुस्तक घ्यायचं, काय शिकवायचं, यातही हात घालतं. डोव्हरच्या बोर्डावर उत्क्रांतीचं वावडं असलेले लोक आले होते. त्याआधीची एक घटना तेव्हाचं वातावरण सांगून जाते. शाळेतल्या एका विद्यार्थ्याने माणसाची उत्क्रांती दाखवणारं सोळा फुटी चित्र काढून शाळेला भेट दिलं होतं. विज्ञानाच्या वर्गात ठेवलेलं ते चित्र २००२ मध्ये शाळेच्या इमारतींची देखभाल पाहणाऱ्या अधिकाऱ्याने बाहेर नेऊन जाळून टाकलं.

२००४ च्या उन्हाळ्यात जीवशास्त्राचं नवं क्रमिक पुस्तक घ्यायची वेळ आली. बोर्डाच्या अभ्यासक्रम समितीचे प्रमुख म्हणाले, हे पुस्तक डार्विनवादाने बरबटलेलं आहे. त्याला तोल म्हणून निर्मितीवाद, म्हणजे देवानेच सजीव निर्माण केले हे मत, हवा, असं त्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवलं. पुढे वकिलांनी सावध केल्यावर भाषा बदलली आणि 'इंटेलिजंट डिझाइन' तोंडी आलं. 'ऑफ पांडाज अँड पीपल' नावाच्या पुस्तकाच्या ६० प्रती शाळेला 'देणगी' मिळाल्या. १८ ऑक्टोबर २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला: डार्विनच्या सिद्धांतातल्या उणिवा आणि इंटेलिजंट डिझाइनसारखे पर्याय मुलांना सांगायचे.

डिसेंबरमध्ये अकरा पालक न्यायालयात गेले. पहिलं नाव टॅमी किट्झमिलर यांचं, म्हणून खटला 'किट्झमिलर विरुद्ध डोव्हर' या नावाने ओळखला जातो. हे पालक नास्तिक होते असं समजू नका. त्यांतले काही नेमाने चर्चला जाणारे होते. आपल्या मुलांना धर्म कुणी शिकवायचा हे आपण ठरवू, जीवशास्त्राच्या तासाला सरकारने नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं.

सप्टेंबर २००५ च्या अखेरीस हॅरिसबर्गच्या संघीय न्यायालयात सुनावणी सुरू झाली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालली. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन, म्हणजे परंपरावादी पक्षाचे, २००२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नेमलेले. आणि त्याच बुश यांनी ऑगस्ट २००५ मध्ये दोन्ही बाजू शिकवल्या पाहिजेत असं जाहीरपणे म्हटलेलं. तेव्हा 'पुरोगामी न्यायाधीश मिळाला म्हणून निकाल लागला' असं म्हणायला इथे जागा नाही.

पालकांच्या बाजूने पहिली साक्ष झाली जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांची. ज्या क्रमिक पुस्तकावरून भांडण पेटलं त्याचे ते एक लेखक, आणि श्रद्धाळू कॅथलिक. एखादा सिद्धांत वैज्ञानिक कशामुळे ठरतो, हे त्यांनी एका उदाहरणातून दाखवलं. मला ते या विषयावरचं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. आता, हे सगळे आणि आपण एकाच पूर्वजापासून आलो असं जर उत्क्रांती म्हणत असेल, तर आपली एक जोडी गेली कुठे? ती नुसती हरवली असं म्हणता येत नाही. अख्ख्या गुणसूत्रावरची जनुकं गेली तर जीव जगणारच नाही. मग एकच शक्यता उरते: पूर्वजाची दोन गुणसूत्रं आपल्यात एकमेकांना जोडली गेली असणार. आणि तसं असेल, तर जोडल्याची खूण सापडायलाच हवी.

खूण कोणती? प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एक ठरावीक छोटा मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याला टेलोमिअर म्हणतात. शिवाय दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सेंट्रोमिअर नावाचा एक भाग असतो. दोन लुगडी पदराला पदर लावून शिवली, तर एरवी टोकाला असणारा पदर मधोमध दिसेल. तसंच इथे: टोकाला असायला हवा तो टेलोमिअर गुणसूत्राच्या मधल्या भागात दिसला पाहिजे, आणि सेंट्रोमिअर एकाऐवजी दोन असले पाहिजेत, त्यातला एक निकामी झालेला.

माणसाचं क्रमांक दोनचं गुणसूत्र अगदी असंच निघालं. मध्ये टेलोमिअरचे अवशेष, एक चालू सेंट्रोमिअर आणि एक निकामी. चिंपांझीची कुठली दोन गुणसूत्रं त्याच्याशी जुळतात, हेही दाखवता येतं.

यातली मेख अशी आहे की हे सापडलं नसतं तर उत्क्रांतीच्या सिद्धांताची पंचाईत झाली असती. त्याने आपली मान सुरीखाली ठेवली होती. अमुक ठिकाणी अमुक गोष्ट सापडेल, असं सांगून मग ती शोधायला गेले. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालणारे होते असं म्हटलं, तर पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म जुन्या खडकांत सापडायला हवेत. ते सापडले, आणि त्यातले काही आपल्या कच्छमध्ये सापडले.

इंटेलिजंट डिझाइनला असा प्रश्न विचारून बघा: काय सापडलं तर तुम्ही मान्य कराल की तुमचं चुकलं? रचनाकाराने २३ जोड्या केल्या, त्याची मर्जी. २४ केल्या, त्याची मर्जी. मध्ये टेलोमिअर ठेवला, तीही मर्जीच. कशानेही खोटं ठरू न शकणारं म्हणणं खरं असेलही, पण प्रयोगशाळेत त्याचं काही करता येत नाही आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही काढता येत नाही.

बोर्डाच्या बाजूचे मुख्य साक्षीदार होते जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. उंदराच्या सापळ्यातला एक भाग काढा, सापळा चालत नाही. तसंच काही जीवाणूंना जी फिरणारी शेपटी असते, ती मोटरीसारखी चालते; तिचा एक भाग काढला तर ती बंद पडते. मग ती एकेक भाग जमवत कशी घडेल? एकदमच बनली असणार. यावर उत्तर असं होतं की त्या शेपटीतल्या काही प्रथिनांचा संच इतर जीवाणूंमध्ये अगदी वेगळ्या कामाला, दुसऱ्या पेशीत विष टोचायला, वापरलेला दिसतो. म्हणजे अर्धं यंत्र निरुपयोगीच असतं हे खरं नाही. त्याचा उपयोग वेगळा असतो, इतकंच.

प्रतिकारशक्तीची यंत्रणा कशी उत्क्रांत झाली याचं उत्तर विज्ञानाकडे नाही, असं बीही यांचं म्हणणं होतं. उलटतपासणीत वकिलांनी त्यांच्यासमोर या विषयावरचे ५८ शोधनिबंध, शिवाय पुस्तकं आणि क्रमिक पुस्तकांतली प्रकरणं यांचा ढीग रचला. तरी त्यांना तो पुरावा पुरेसा वाटला नाही. मग आला तो प्रश्न, ज्याने आपल्याकडच्या वाचकाचे कान टवकारावेत. वैज्ञानिक सिद्धांताची तुमची जी सैल व्याख्या आहे, तिच्यात फलज्योतिषही बसेल का? बीही यांनी शपथेवर कबूल केलं की हो, बसेल.

आपल्याला हे अमेरिकेतलं ऐकून हसू येईल, पण २००१ मध्ये आपल्याच विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. त्यावर जयंत नारळीकरांनी जे केलं ते खरं विज्ञानाच्या पद्धतीचं. त्यांनी, नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत, पुण्यात एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून कोणती कुणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं. ज्योतिष खरं की खोटं यावर भाषण ठोकण्याऐवजी नारळीकरांनी त्याला पेपरला बसवलं, आणि निकाल काहीही लागला तरी तो छापला गेला असता. विज्ञानाच्या तासाला एखादी गोष्ट यायची असेल तर तिने अशा पेपरला बसायची तयारी दाखवावी, एवढीच अट आहे. कुठल्या ग्रंथात लिहिलंय, किती हजार वर्षं जुनं आहे, किती कोटी लोक मानतात, यांपैकी कशालाच तिथे गुण नाहीत.

खटल्याचा कस मात्र लागला तो एका टंकलेखनाच्या चुकीवर. 'इंटेलिजंट डिझाइन धर्माशी संबंधित नाही' हा बोर्डाचा बचाव होता. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी 'पांडाज' पुस्तकाचे जुने खर्डे न्यायालयात मांडले. सुरुवातीच्या खर्ड्यांत जागोजागी 'निर्मितीवाद' होता. १९८७ च्या निकालानंतरच्या खर्ड्यात तेच परिच्छेद, त्याच व्याख्या, आणि निर्मितीवादाच्या जागी 'इंटेलिजंट डिझाइन'. एका ठिकाणी 'निर्मितीवादी'च्या जागी 'डिझाइनचे पुरस्कर्ते' टाकताना जुना शब्द नीट खोडला गेला नव्हता. त्याचं अर्धं डोकं आणि शेपूट शिल्लक राहून मध्ये नवे शब्द घुसले होते. पाटी बदलली, दुकान तेच.

६० प्रतींच्या 'देणगी'चंही बिंग फुटलं. अभ्यासक्रम समितीच्या प्रमुखांनी आपल्या चर्चमध्ये आवाहन करून ८५० डॉलर जमवले होते आणि त्याचा चेक बोर्डाच्या अध्यक्षांच्या वडिलांच्या नावे काढला होता. तत्पूर्वीच्या जबानीत दोघांनीही याबद्दल शपथेवर कानांवर हात ठेवले होते. धर्माच्या रक्षणाला निघालेली माणसं शपथेवर खोटं बोलत होती, याची न्यायाधीशांनी निकालात स्पष्ट शब्दांत दखल घेतली.

२० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानी निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन विज्ञान नाही, तो निर्मितीवादाचाच नवा अवतार आहे आणि तो सरकारी शाळेत शिकवणं घटनाबाह्य आहे. न्यायाधीश जोन्स यांना पुढे धमक्या आल्या, संरक्षण घ्यावं लागलं. गावकऱ्यांनी तर निकालाचीही वाट पाहिली नव्हती. ८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत उभ्या असलेल्या जुन्या आठही सदस्यांना त्यांनी घरी बसवलं. नव्या बोर्डाने अपील केलं नाही. पण पालकांच्या वकिलांचा खर्च म्हणून दहा लाख डॉलरहून थोडी अधिक रक्कम शाळेच्या तिजोरीतून गेलीच.

'दोन्ही बाजू सांगा आणि मुलांना ठरवू द्या, त्यात काय बिघडलं?' हा प्रश्न समंजस माणसंही विचारतात, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. पहिली गोष्ट, 'दोन्ही' म्हणजे कोणत्या दोन? जगात सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा शेकडो आहेत. आपल्याकडेच एकीकडे हिरण्यगर्भ आहे, दुसरीकडे पुरुषसूक्तातला यज्ञ, आणि नासदीय सूक्त तर शेवटी 'हे त्यालाही ठाऊक असेल किंवा नसेल' असं म्हणून मोकळं होतं. यातली एकच निवडून विज्ञानाच्या पुस्तकात घालायची, तर ती निवड कोण करणार? ज्याचं बहुमत तो. मग वर्गातल्या बाकीच्या मुलांना कळतं की ही शाळा आपली नाही. दुसरी गोष्ट, नववीतली मुलं गुणसूत्रांचे निबंध वाचून न्यायनिवाडा करणार नसतात. शिक्षकाने दोन गोष्टी शेजारी मांडल्या की त्या तोलामोलाच्या आहेत असंच त्यांना वाटतं. 'सिद्धांत म्हणजे नुसता अंदाज' हा गैरसमज तर तिथेच पक्का होतो. रोगजंतूंमुळे रोग होतात हाही सिद्धांतच आहे, पण तो 'फक्त सिद्धांत' म्हणून कुणी ऑपरेशनच्या आधी हात धुवायचं सोडत नाही.

आणि यात धर्माचंही नुकसान आहे, हे भाविकांनी लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. विज्ञानाला अजून उत्तर सापडलं नाही तिथे देव बसवला, तर उत्तर सापडत जाईल तसा देवाला मुक्काम हलवावा लागतो. कॅथलिक चर्चने हे ओळखलं आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच उत्क्रांती ही केवळ परिकल्पना राहिलेली नाही, असं मान्य केलं. डोव्हरच्या खटल्यात जॉन हॉट हे कॅथलिक धर्मशास्त्राचे अभ्यासकही पालकांच्याच बाजूने साक्षीला उभे होते.

याचा अर्थ धर्माला शाळेचं दार बंद असा मुळीच नाही. इतिहासात तो येणारच, मराठीच्या तासाला ज्ञानेश्वर-तुकाराम वगळून शिकवणार काय? आपल्या घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, पण धर्मांविषयीची माहिती देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात म्हटलं आहे. 'ख्रिस्ती लोक असं मानतात' हे वाक्य समाजशास्त्राच्या तासाला चालतं. 'असं घडलं' हे वाक्य विज्ञानाच्या तासाला म्हणायचं, तर पुरावा दाखवावा लागतो.

आपल्याकडे धर्मग्रंथ विज्ञानाच्या पुस्तकात घालण्यापेक्षा वेगळा प्रकार घडतो. विज्ञानच हळूच पातळ होतं. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणात नुसती आनुवंशिकता उरली. अधिकृत कारण कोविडनंतर मुलांवरचा बोजा कमी करण्याचं होतं, धर्माचं नाव कुणी घेतलं नव्हतं. पण १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे हे खरं, मात्र दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेला जाणाऱ्या मुलाला तो कधीच भेटत नाही. आपल्या बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे आणि माकडहाडापासून जीवाश्मांपर्यंतचे पुरावे त्यात सांगितलेले आहेत.

तो धडा शिकवताना एखादं पोर उठून विचारतंच, 'बाई, पण मग देवाने माणूस बनवला ते खोटं का?' यावर बाईंनी त्याला गप्प बसवू नये आणि देव नाही असंही सांगू नये. ते सांगणं त्यांचं काम नाही. 'देव आहे की नाही हे या पुस्तकातल्या पद्धतीने तपासता येत नाही, त्याबद्दल घरी आईबाबांशी, आजीशी बोल. माणसाचं शरीर असं का आहे हे मात्र तपासता येतं. ते कसं, ते आता पाहू,' एवढं म्हणून गुणसूत्र क्रमांक दोनचं चित्र फळ्यावर काढावं. नंतर पोराने आणखी दहा प्रश्न विचारले तर तास थोडा लांबला तरी चालेल.